नुसत्या काळ्या मातीचं मडकं होत नाही

आमच्या वाशीम जिल्ह्याची माती काळी. एके काळी कापसाची काळी, आता बहुतेक सोयाबीनची काळी. शेतकरी या मातीवर जीव टाकतो, कारण ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि पाऊस ओढ देतो तेव्हा तेच पाणी पिकाला पुरवते. पण याच गावात तीन माणसं अशी आहेत की ज्यांना ही माती मनापासून नकोशी वाटते. घर बांधणारा गवंडी, कबर खोदणारा आणि मडकं घडवणारा कुंभार. तिघांची तक्रार एकच. ही माती पाणी पिऊन फुगते आणि पाणी गेलं की आखडते, फाटते.

मी भाषेचा शिक्षक. उर्दू शिकवतो, मराठीही शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही. मातीच्या मागे लागलो ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे. आठवीच्या वर्गात मातीसाठी दोन्ही भाषांत किती शब्द आहेत ते फळ्यावर लिहीत होतो. उर्दूच्या बाजूला मिट्टी, खाक, गर्द, गारा, कीचड, गिल. मराठीच्या बाजूला माती, धूळ, चिखल, गाळ, ढेकूळ, पोयटा, मुरूम, चिकणमाती, शाडू. एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आमच्या वावरात एवढी माती आहे, मग कुंभार तलावातून गाळ कशाला आणतो?" उत्तर कुणालाच येईना. ते शोधत कुंभाराच्या दारी गेलो, विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याची पुस्तकं मागून आणली, आणि शेवटी घरातली तफसीरही उघडली.

सुरुवात दगडापासून करावी लागते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्याचा थंड झालेला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. हा कातळ उन्हापावसात झिजला, कुजला आणि त्यातून आपली काळी माती झाली. माती म्हणजे नुसता बारीक झालेला दगड नव्हे. दगड कुजताना त्यातली खनिजं बदलतात आणि नवी तयार होतात. चिकणमातीची खनिजं ही अशीच नवी झालेली. त्यांचे कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, म्हणजे एक मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही लहान. आणि त्यांचा आकार वाळूसारखा गोळीदार नसतो, पत्र्यासारखा चपटा असतो.

मातीकामाचं सगळं रहस्य या चपटेपणात आहे. दोन काचा कोरड्या ठेवल्या तर एकमेकींवर खरखरतात. मध्ये पाण्याचा थेंब टाका, काचा घसरतात पण सुटत नाहीत. ओल्या चिकणमातीत असे असंख्य पत्रे पाण्याच्या पातळ थरावर घसरत असतात. म्हणून माती दाबली की वळते आणि हात काढला की दिलेला आकार धरून ठेवते. वाळू ओली केली तर ढीग होतो, मडकं होत नाही. तिचे कण चपटेही नाहीत आणि तेवढे बारीकही नाहीत.

मग आमच्या काळ्या मातीत तर चिकटपणा भरपूर आहे. पावसाळ्यात वावरातून चालून आलं की चपलेला दोन-दोन किलोचा गोळा लागतो. अडचण नेमकी तिथेच आहे. चिकणमातीच्या खनिजांचे प्रकार आहेत. चिनी मातीत असतं ते केओलिनाइट. त्याचे पत्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी त्यांच्या बाहेरून फिरतं. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटच्या जातीचं खनिज असतं. त्याचे पत्रे सैल. पाणी थेट दोन पत्र्यांच्या आत शिरतं आणि त्यांना दूर ढकलतं. पुस्तक पाण्यात पडलं की पानापानात पाणी जाऊन ते फुगतं, तसं. वाळताना तेवढंच पाणी बाहेर पडतं आणि माती आखडते. चैत्र-वैशाखात आमच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळे.

गवंडी हे पुस्तकाशिवाय जाणतो. आमच्या घराच्या पडवीच्या भिंतीला दर उन्हाळ्यात तिरपी चीर जायची, पावसाळ्यात ती जवळजवळ मिटायची आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडायची. अम्मी म्हणायच्या, घर साँस लेता है. पुढे मागची खोली बांधली तेव्हा मिस्त्रीने काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खड्डा खणला आणि मगच पाया भरला. जिथे काळीचा थर फारच खोल असतो तिथे रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने सुचवलेले, खाली फुगीर बुंध्याचे खांब जमिनीत सोडतात. मुद्दा तोच. जी जमीन दरवर्षी उठते-बसते तिच्यावर भिंत उभी करायची नाही.

मडकं म्हणजे तरी काय, बोटभर जाडीची भिंतच. ती गोल आहे, तिच्यात कुठे सांधा नाही, आणि ती ओल्याची कोरडी होताना सगळीकडून सारखी आखडली नाही तर तडकणारच.

आमच्या मोहल्ल्यापासून दहा मिनिटांवर कुंभारांची चार-पाच घरं आहेत. त्यातली चाक फिरतं अशी आता दोनच. तिथल्या बाबांकडे मी आठवडाभर रोज शाळा सुटल्यावर जात होतो. पहिल्याच दिवशी त्यांना मुलाचा प्रश्न सांगितला. ते हसले. "सर, काळी माती लय गोड हाये, पण तिले धीर नाही. ओली असते तवा सारं ऐकते, वाळाले ठेवली का रुसते."

तलावाच्या गाळाला धीर कुठून येतो? पावसाचं पाणी चहूकडची माती वाहून आणतं. त्यात काळी असते, पोयटा असतो, टेकडीवरचा मुरूम आणि बारीक रेती असते. जड कण काठाशी आधी बसतात, हलके आत जाऊन सावकाश बसतात. म्हणजे तलाव स्वतःच चाळणीचं काम करतो आणि मिश्रणाचंही. बाबा गाळ घेतात तो ना अगदी काठाचा, ना अगदी मधला. तो कुठे मिळतो हे त्यांना पायांनी कळतं. पाय घसरतो तिथली फार चिकट, पाय खरखरतो तिथली फार रेताड.

घरी आणल्यावर परीक्षा सुरू होते. मातीची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती वळवायची. तुटली तर भुसभुशीत, काही कामाची नाही. न तुटता वळली पण बोटांना सुटेना, तर जास्त चिकट, तिच्यात काही तरी घालावं लागेल. मग चिमूटभर दाताखाली धरायची. कचकच किती, यावरून रेती किती ते समजतं. मी पण धरून पाहिली. मला फक्त माती लागली.

यानंतरचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं. चुनखडीचे खडे वेचणं. आपल्या काळ्या जमिनीत पांढरट खडे जागोजागी असतात. मातीत एखादा हरभऱ्याएवढा खडा राहिला तरी मडकं घडतं, वाळतं, भाजलंही जातं. पण भट्टीत त्या खड्याचा कळीचा चुना होतो. मडकं बाहेर आल्यावर तो चुना हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि आठ-पंधरा दिवसांनी मडक्याच्या अंगाची खपली उडवून देतो. गिऱ्हाइकाला वाटतं भाजणी कच्ची होती. दोष भाजणीचा नसतो, न वेचलेल्या खड्याचा असतो. शंका असेल तर मातीवर लिंबू पिळून पाहता येतं. बुडबुडे आले तर चुना आहे.

मग मिसळण. गाळात वस्त्रगाळ राख पडते, गाढवाची नाहीतर घोड्याची वाळलेली लीद पडते, आणि लागेल तशी बारीक रेती पडते. मी विचारलं, "बाबा, प्रमाण काय?" ते म्हणाले, "प्रमाण हातात हाये." या उत्तराने मी त्या दिवशी थोडा वैतागलो, पण नंतर पटलं. तलाव बदलला, वर्ष बदललं की गाळ बदलतो. त्यामुळे प्रमाणही बदलावं लागतं.

या तिन्ही गोष्टी मातीच्या नाहीत, आणि मडकं टिकतं ते त्यांच्यामुळे. रेतीचा कण पाणी पीत नाही, म्हणून वाळताना तो आखडत नाही. सगळी माती आकसत असताना तो जागचा हलत नाही आणि आजूबाजूच्या मातीला सांभाळतो. त्याच्या कडेने पाण्याला बाहेर यायला वाटही मिळते, म्हणून मडकं आतबाहेर सारखं वाळतं. लिदीतले बारीक तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात आणि भट्टीत जळून गेले की मागे बारीक पोकळ्या सोडतात. उन्हाळ्यात माठातलं पाणी थंड होतं ते या पोकळ्यांमुळे. पाणी भिंतीतून झिरपतं, बाहेर येऊन उडतं आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जातं. १० लिटरच्या माठातून पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी उडालं तर कागदावरच्या हिशेबाने उरलेलं पाणी ११-१२ अंशांनी उतरायला हवं. बाहेरची उष्णता सतत आत येत असते म्हणून प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही. आणि पावसाळ्यात हवाच ओली असते, पाणी उडत नाही, म्हणून तेव्हा माठ निरुपयोगी. मडकं फार पक्कं, काचेसारखं भाजलं तर ते पाणी थंड करणार नाही. थोडं सच्छिद्र राहणं हा माठाचा दोष नसून गुण आहे.

मिसळलेली माती पायांनी तुडवतात, ओल्या गोणपाटाखाली मुरायला ठेवतात. मुरलेल्या मातीचा रंग काळवंडतो, तिला वास येतो, आणि ती हाताला जास्त मऊ लागते. कणाकणापर्यंत पाणी पोचलेलं असतं आणि सूक्ष्म जीवांनीही आपलं काम केलेलं असतं. मग चाक. चाकावर गळा आणि खांदा होतो, पण मोठ्या माठाचं पोट चाकावर होत नाही. ते आतून दगडी गोटा धरून आणि बाहेरून लाकडी थापीने ठोकून वाढवतात. या ठोकण्याने कण दाबले जातात, हवा निघून जाते, भिंत पातळ पण घट्ट होते.

शेवटी आवा. गोवऱ्या, लाकूड, भुसा आणि मडकी यांचे थर रचून वरून खापरांनी आणि मातीने झाकतात. सुरुवातीला नुसता धूर करतात. घाई केली तर भिंतीत उरलेल्या पाण्याची वाफ होऊन मडकं फुटतं. पुढे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या खनिजात बांधलेलं पाणीही निघून जातं. इथून परत फिरता येत नाही. वाळलेलं कच्चं मडकं पाण्यात टाकलं तर पुन्हा चिखल होईल, भाजलेलं मडकं फुटलं तरी त्याची खापरी होते, माती होत नाही. गावचा आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातो. हवा मिळाली तर मातीतलं लोह लाल होतं, हवा कोंडली तर मडकं काळं होतं. एकाच मातीतून दोन्ही निघतात.

आवा उघडल्यावर बाबा प्रत्येक मडक्याला बोटाने टिचकी मारून कान देतात. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठे तरी चीर आहे. ही परीक्षा फार जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं. तिथल्या, तीन हजारांहून अधिक वर्षं जुन्या लाल मडक्यांचं वर्णन करताना पुरातत्त्ववाले आवर्जून सांगतात की ती धातूसारखी खणकतात. तेरच्या गोरोबाकाकांची कथा तर आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापी मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं, आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्या मुलांना ही कथा तोंडपाठ असायची.

ती टिचकी ऐकताना मला एक अरबी शब्द आठवला. सलसाल. घरी येऊन तफसीर उघडली ती यासाठी. माणूस मातीपासून घडवला हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि मराठीत, उर्दूत ते सांगताना एकच शब्द वापरतो. पण कुरआनमध्ये या एका गोष्टीसाठी अनेक शब्द आले आहेत. कुठे तुराब, म्हणजे कोरडी माती, धूळ. कुठे तीन, म्हणजे पाण्यात कालवलेली माती. (हा शब्द सांगितला की मुलं 'चार' म्हणून ओरडतात.) सूरह अस-साफ्फातमध्ये त्याला लाजिब हे विशेषण आहे, चिकटणारी. सूरह अल-हिज्रमध्ये हमा आणि मसनून हे शब्द येतात. हमा म्हणजे काळा चिखल, आणि मसनूनचा अर्थ कुणी मुरून बदललेला असा लावतात, कुणी आकार दिलेला असा. तिथेच सलसाल आहे, वाजणारी वाळलेली माती. आणि सूरह अर-रहमानमध्ये ही सलसाल फख्खारसारखी, म्हणजे भाजलेल्या मडक्यासारखी म्हटली आहे.

धूळ, चिखल, चिकटपणा, मुरणं, वाळून वाजणं, भाजणं. कुंभाराच्या अंगणात मी आठवडाभर हाच क्रम पाहत होतो.

यावरून कुरआनमध्ये मृदाशास्त्र आहे असं मी म्हणत नाही. तसे संदेश मोबाईलवर रोज येतात आणि ते वाचून मला आनंद होत नाही. माझं म्हणणं साधं आहे. ज्या लोकांनी हे शब्द पहिल्यांदा ऐकले त्यांच्या घरी मडकी होती, त्यांनी कुंभाराला पाहिलं होतं, प्रत्येक शब्दाबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक टप्पा उभा राहत असेल. आपण मात्र सहा शब्दांचं भाषांतर 'माती' या एकाच शब्दाने करतो आणि पुढे जातो. कुंभार गेला की भाषेतले असे शब्दही रिकामे होतात. भाषाशिक्षक म्हणून मला हे नुकसान मोठं वाटतं.

तिर्मिजीच्या संग्रहात एक हदीस आहे. आदमसाठी जी मूठभर माती घेतली ती साऱ्या पृथ्वीवरून घेतली होती, म्हणून त्याच्या लेकरांत लाल, गोरे, काळे आणि मधल्या रंगाचे, मऊ आणि कठोर असे सगळे निघाले, असा तिचा आशय आहे. म्हणजे तीही मिसळलेलीच माती.

मिसळण्याबद्दल मी इतकं लिहितोय त्याला कारण आहे. उर्दूच्या कार्यक्रमात गेलो की कुणी तरी सांगतं, तुमच्या बोलण्यात मराठी फार येते, जबान खालिस ठेवा. मराठीच्या कार्यक्रमात गेलो की कुणी तरी कौतुकाने म्हणतं, "तुमची मराठी किती शुद्ध आहे हो!" आणि पाठोपाठ विचारतं, "तुम्ही मूळचे कुठले?" दोघांच्या मनात वाईट काही नसतं. पण दोघांनाही असं वाटत असतं की चांगली गोष्ट म्हणजे ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही अशी गोष्ट. वर्गातल्या मुलांनाही हळूहळू तसं वाटायला लागतं. घरी दखनी, गल्लीत वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि उर्दू. अशा मुलाला आपली कुठलीच भाषा खरी नाही असं वाटू लागलं तर तो बोलायचंच बंद करतो. मी अशी गप्प झालेली मुलं पाहिली आहेत. शाळेतली सर्वांत हुशार मुलं त्यात असतात.

त्यांना मी आता वाशीमचाच दाखला देतो. हे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या विंध्यशक्ती दुसरा या राजाचा चौथ्या शतकातला ताम्रपट वाशीमलाच सापडला. त्यात वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहारी भाग प्राकृतात. एका दस्तऐवजात दोन भाषा, आणि राजाला त्यात काही कमीपणा वाटला नाही. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवलं. अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर नाहीत. दगडावर आधी मातीचा गिलावा आहे आणि त्या मातीत तूस, वनस्पतींचे तंतू, बारीक खडी मिसळलेली आहे. नुसत्या मातीचा गिलावा वाळताना तडकला असता आणि चित्रं गळून पडली असती. जे कुंभार बाबा लिदीने करतात तेच तिथल्या कारागिरांनी तुसाने केलं.

आता तिसऱ्या माणसाकडे येतो, कबर खोदणाऱ्याकडे. कबरीचे दोन प्रकार आहेत. बगली, म्हणजे खड्ड्याच्या तळाशी किब्ल्याच्या बाजूला कोनाडा कोरून त्यात मय्यत ठेवायची. आणि संदूकी, म्हणजे खड्ड्याच्या मधोमध पेटीसारखी जागा करून वर फळ्या टाकायच्या. बगली कबर अफजल समजतात, पण जमीन भुसभुशीत, ढासळणारी असेल तर संदूकी करावी असं फिकहच्या पुस्तकांत स्पष्ट आहे. मातीचा गुणधर्म पाहून नियम ठरवला आहे. अब्बांचं निधन भर पावसाळ्यात झालं. काळी माती लोण्यासारखी झाली होती, खड्ड्याची कड धरत नव्हती. संदूकीच करावी लागली, तीही घाईने. आम्ही तीन-तीन मुठी माती दिली तेव्हा ती हातातून सुटत नव्हती, बोटांना चिकटून परत येत होती.

पुढच्या उन्हाळ्यात कबर एका बाजूने खचली आणि मधोमध भेग पडली. आमच्या ओळीतल्या बऱ्याच कबरींचं तेच झालं होतं. मोहल्ल्यातल्या लोकांनी बसून ठरवलं की मुरूमाच्या ट्रॉल्या मागवाव्या. एक बुजुर्ग नाराज झाले, म्हणाले, जहाँ की मिट्टी है वहीं की रहे, बाहर का मुरूम क्यूँ? मौलानांनी समजावलं की खचलेली कबर भरण्यात हरकत नाही. शेवटी तिथल्याच काळ्या मातीत मुरूम कालवून भरला. आता तीन पावसाळे झाले, कबर जागची हललेली नाही. त्या दिवशी फावडं मारताना मला कुंभार बाबांची रेती आठवली नव्हती, कारण मी तेव्हा त्यांच्याकडे गेलोच नव्हतो. आता मात्र वाटतं, एकच गोष्ट आहे.

कुणी गेलं की आम्ही म्हणतो मिट्टी देने गए थे. आमचे शेजारी मराठीत म्हणतात, मातीला गेलो होतो. अब्बांच्या मातीला ते आले होते, त्यांच्या घरच्या मातीला आम्ही जातो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झालं. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली. तिथेच कुंभाराची गोल भट्टीही सापडली. घर, मडकं आणि कबर, तिन्ही एकाच अंगणात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईबापांचा धर्म कुठला हे सांगता येणार नाही, पण त्यांनी लेकराला मातीच्या हवाली करताना कुंभाराकडून मडकं आणलं होतं.

कुंभार सगळ्यांना लागतो. संक्रांतीला सुगडं, आखजीला करा, दिवाळीला पणत्या. आमच्याकडे मशिदीतला रांजण, उन्हाळ्यातल्या सबीलचे माठ, जुन्या घरांतले वुजूचे मातीचे बधने. रजबच्या २२ तारखेचे कुंडे करणारी घरं आहेत, न करणारीही आहेत. तो वाद इथे नको, पण कुंडे घेतले जातात ते कुंभाराकडूनच. उत्तर प्रदेशातले कासगर आणि कच्छच्या खावड्याचे कुंभार स्वतः मुसलमान आहेत. आमच्याकडे मडकं घडवणारा हिंदू आणि घेणारे सगळे.

बाबांचा मुलगा पुण्याला एका कंपनीत आहे. महिन्याला पगार येतो, उन्हात माती तुडवावी लागत नाही. त्याला नावं ठेवण्याचा मला काही हक्क नाही, मीही माझ्या मुलाला चाकावर बसवणार नाही. २०१७ पासून धरणातला गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना आहे. शेतकऱ्याच्या भल्याची आहे. पण तलावाशी यंत्रं लागली की गाळ ट्रॅक्टरने वावरात जातो आणि पायाने गाळ पारखणारा म्हातारा काठावर उभा राहतो. त्याला दोन-तीन ट्रॉल्याच हव्या असतात, तेही पाहिजे त्या जागेवरच्या. विचारलं तर देतातही लोक. विचारायची सवय मात्र त्याला नाही.

आठव्या दिवशी मी बाबांना शाळेत बोलावलं. मुलांनी चार प्रकारच्या मातीच्या फरश्या थापल्या. वावरातली काळी, नुसता गाळ, गाळ आणि रेती, आणि बाबांची मिसळण. प्रत्येकीवर ओली असतानाच १० सेंटिमीटरची रेघ ओढली आणि सावलीत वाळत ठेवल्या. आठवड्याने मोजायचं होतं. काळीची रेघ मोजता आली नाही, तिचे तुकडे झाले होते. नुसता गाळ वाकडा झाला. रेतीची फरशी सपाट राहिली, पण तिची कड बोटाने घासली की झडत होती. बाबांची फरशी सपाट राहिली, तिची रेघ थोडीच आखडली, आणि कडही शाबूत होती. ज्या मुलाने तो प्रश्न विचारला होता त्याने पट्टी चारदा लावून पाहिली.

मग मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. बाबा वऱ्हाडीत उत्तरं देत होते, मुलं दखनीत विचारत होती, आणि कुणाला काही अडलं नाही. एक मुलगी वहीत लिहून घेत होती. तिने गाळ, राख, लीद हे शब्द उर्दू लिपीत लिहिले आणि थापी, आवा, खापर हे देवनागरीत. मी ते दुरुस्त केलं नाही.

तुमच्या गावात अजून कुंभार असेल तर या उन्हाळ्यात माठ घ्यायला जाल तेव्हा टिचकी मारून भाव करून परत येऊ नका. थोडं बसा. माती कुठून आणता, तिच्यात काय घालता, एवढे दोन प्रश्न विचारा. प्रत्येक तलावाचं उत्तर वेगळं असेल. आणि ते लिहून ठेवा, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत.